‘आम्ही’चं ‘आपण’ होईपर्यंत: परग्रहावरचा राखणदार नायक आणि मानलेल्या घराची प्रेमकथा कशी लिहावी

परग्रहावरचा आडदांड नायक, त्याच्यात जीव गुंतलेली पृथ्वीवरची बाई आणि दोघांच्या भोवती जमलेली चार-पाच उपरी माणसं. अशा कादंबऱ्यांचा इंग्रजीत ढीग पडलाय. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणी त्या लोकलमध्ये, फोनचा उजेड कमी करून वाचतात. पण हेच मराठीत लिहायला बसलं की हात अडखळतो. आपली विज्ञानकथा वाढली ती शास्त्रज्ञांच्या आणि विज्ञान परिषदेच्या मांडवात. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवली, तीसुद्धा आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी फिरवून, ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. विज्ञानकथेत प्रेम लिहिणाऱ्याला आजही असं टोपणनाव घ्यावंसं वाटतं, हे मी स्वतःवरून सांगते.

खरं तर हा प्रकार लिहायला मराठीइतकी सोयीची भाषा शोधून सापडणार नाही. रक्ताचं नसलेलं घर कसं उभं राहतं ते आपल्याकडे एका क्रियापदात आहे: मानणं. मानलेला भाऊ, मानलेली मुलगी. मानलं की झालं, आणि एकदा मानलं की निभवावं लागतं. तुमच्या कादंबरीचं सगळं कथानक या दोन वाक्यांत बसतं. ते उलगडायचं कसं, ते पायरीपायरीने पाहू. सोबत एकच नमुना कथा घेऊ, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही.

पहिली पायरी: नायक राहू द्या, आधी घर बांधा

बहुतेकजण नायकाच्या खांद्यांपासून सुरुवात करतात. त्याची उंची, कातडीचा रंग, डोळे अंधारात चमकतात की नाही. हे सगळं नंतर. माणसं एकमेकांची कशी होतात हा तुमचा विषय आहे, तेव्हा आधी अशी जागा शोधा जिथे एकमेकांवाचून भागतच नाही.

मी खरा ग्रह घेते. सूर्याचा सगळ्यात जवळचा शेजारी तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी, आणि त्याच्याभोवतीचा प्रॉक्झिमा बी हा ग्रह, जो २०१६ साली सापडला. अंतर ४.२४ प्रकाशवर्षं. तारा लहान, तांबूस, मंद, पण ग्रह त्याला इतका बिलगून फिरतो की आकाशात तो आपल्या सूर्याच्या तिप्पट रुंद दिसेल. तिथलं वर्ष आपल्या ११.२ दिवसांचं. ग्रहाची एक बाजू बहुधा कायम ताऱ्याकडे वळलेली असावी. म्हणजे एकीकडे न संपणारी दुपार, दुसरीकडे न संपणारी रात्र आणि मधे संधिप्रकाशाचा पट्टा. घर त्या पट्ट्यात.

आता या आकड्यांना कामाला लावा. नुसते छापले तर ते पाठ्यपुस्तक होतं. ११ दिवसांचं वर्ष म्हणजे आपल्या कथेतली सात वर्षांची पोर, चिंगी, तिथल्या हिशेबाने सव्वादोनशे वर्षांची. मग ती दर अकरा दिवसांनी वाढदिवस मागणार, आणि दर अकरा दिवसांनी कुणीतरी शेवाळाच्या पिठाचा शिरा ढवळत बसणार. झाला की नाही घराचा पहिला सण?

दुसरा आकडा जास्त जिव्हारी लागणारा. प्रकाशाच्या एक दशांश वेगाने जाणाऱ्या यानाला तिथे पोचायला ४२ वर्षं लागतील. प्रवासी गोठवून झोपवलेले, म्हणून ते म्हातारे होत नाहीत; मागे राहिलेले होतात. निरोप मात्र प्रकाशाच्या वेगाने येतो. म्हणजे तुमची नायिका सत्तावीस वर्षांची निघाली आणि तिथे डोळे उघडले, तेव्हा आईचे जवळपास चाळीस वर्षांचे निरोप साठून पडलेले असतील. ‘आई, बरी आहेस ना?’ असं विचारलं तर उत्तर यायला साडेआठ वर्षं. रक्ताचं घर इतकं लांब गेल्यावर माणूस शेजारच्या खोलीतल्या माणसाकडेच बघणार. मानलेलं घर का जमलं, हे आता वेगळं समजावून सांगायची गरज उरली नाही.

एक पथ्य: थाप एकच मारा. आज सूर्यमालेबाहेर निघालेल्या व्हॉएजर १ च्या वेगाने हे अंतर कापायला सुमारे ७५ हजार वर्षं लागतील, तेव्हा यान आणि गोठवणं ही आपली थाप. वाचक ती आनंदाने मान्य करतो. पण तिसऱ्या प्रकरणात प्रकाशापेक्षा वेगवान टपाल आणलंत, तर आईच्या निरोपांतला जीवच गेला.

दुसरी पायरी: त्याचं राखणं कुठून आलं?

‘तो तिचं रक्षण करायचा कारण तो तसाच होता’ हे उत्तर चालणार नाही. कारण त्याच्या शरीरात किंवा गतकाळात हवं. यासाठी मी परग्रहापेक्षा जंगलाकडे बघते. अंटार्क्टिकातला नर सम्राट पेंग्विन दोन महिने अंडं पायांवर घेऊन उपाशी उभा राहतो. पण त्याहून उपयोगाचा आपल्या कोकणातला धनेश. विणीच्या काळात मादी झाडाच्या ढोलीत शिरते, ढोलीचं तोंड लिंपून घेते आणि चोच जाईल एवढी फट ठेवते. आत तिची उडायची पिसंसुद्धा गळतात. नर कित्येक आठवडे फळं आणून त्या फटीतून भरवतो.

इथे थोडं थांबा, कारण या प्रकारच्या कथेचा सगळा तोल या पक्ष्यात आहे. ढोलीचं तोंड लिंपण्यात मादीचाच मोठा वाटा असतो, आणि तेही आतून. नराने तिला कोंडलेलं नसतं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसेल: आत मादी, बाहेर नर, मधे भिंत. भिंत कुणी लिंपली यावरून ती राखण की कैद ते ठरतं. तुमचा नायक प्रत्येक प्रकरणात काहीतरी अडवणार आहे, कुणाला तरी मागे ओढणार आहे. दर वेळी विचारा: ही भिंत तिने लिंपली आहे का?

आता आपल्या ग्रहाकडे. प्रॉक्झिमासारखे लहान तारे, म्हणजे तांबडे बटुतारे, मधूनच भडकतात आणि क्ष-किरणांचा मारा करतात. तिथे ताऱ्याचा प्रकाश ग्रहावर पोचायला जेमतेम २४ सेकंद लागतात, आणि क्ष-किरणही त्याच वेगाने येतात. म्हणजे भडका डोळ्यांना दिसला तेव्हा मारा पोचलेलाच असतो; बघून पळायला वेळ नाही. नायक इरुण या ताऱ्याखालीच वाढलेल्या जमातीचा. भडका उडायच्या आधी त्याच्या मानेवरचे पट्टे ताठ होतात. हे अर्थात आपण रचलेलं, पण खऱ्या अडचणीवर बेतलेलं. आणि नायिका रेवती ही वसाहतीच्या शिशाच्या झडपांची मिस्त्री. त्याला कळतं, पण झडप बंद करता येत नाही. तिला बंद करता येते, पण कळत नाही. राखण दोघांत वाटली गेली. हिला वाचवायला तो धावत येतो असा प्रसंग आता लिहायला गेलात तरी जमणार नाही, आणि तेच बरं.

तिसरी पायरी: ते, मग तो

परग्रहावरच्या माणसाची पहिली भेट लिहिताना मराठी लेखकाच्या हातात एक हत्यार आहे: नपुंसकलिंग. पहिल्याच वाक्यात ‘दारात एक उंच पुरुष उभा होता’ असं लिहून ते वाया घालवू नका. असं करून बघा:

‘दारात काहीतरी उभं होतं. रेवतीने पाना घट्ट धरला. ते वाकलं. चिंगीची एक चप्पल उंबऱ्यावर उलटी पडली होती, ती त्याने उचलली, दोन्ही बाजूंनी निरखली आणि जमिनीवर सुलटी ठेवली. मग तो दोन पावलं मागे सरला.’

‘ते वाकलं’ आणि ‘तो सरला’ यांच्या मधे एक चप्पल आहे. बाकी काही सांगितलेलं नाही. उलटी चप्पल म्हणजे घरात भांडण, हे आपल्याकडे आजीने शिकवलेलं. त्याला हे कसं ठाऊक, असा प्रश्न वाचकाला पडला तर पडू द्या. (माझ्या मसुद्यात त्याने आधीच्या आठवडाभर खिडकीतून बघून ते उचललं होतं. हे मी तेराव्या प्रकरणापर्यंत सांगितलं नाही.)

नाव ठेवतानाही मराठीचं व्याकरण पुढ्यात ठेवा. परग्रहावरचं नाव म्हणून क्ष, झ, ख्र असली अक्षरं एकात एक कोंबून वर टिंबं-रेघा द्यायची हौस सगळ्यांना असते. मग त्याला ‘ला’, ‘ने’, ‘च्या’ लावून मोठ्याने वाचा. इरुणला, इरुणने, इरुणच्या. जीभ अडखळली नाही तर नाव पक्कं. तीनशे पानं ते नाव विभक्तीसकट फिरणार आहे.

चौथी पायरी: गोतावळा

नायक-नायिका सोडून चार माणसं पुरतात, पाच म्हणजे डोक्यावरून पाणी. आमच्या कथेत रेवती आणि इरुण सोडून तिघं: यानात पोरकी झालेली चिंगी, शेवाळाच्या टाक्या सांभाळणारे आणि कुणी मीठ जास्त घेतलं की बोलणारे दामलेकाका, आणि डॉक्टर सलमा, जिला इरुण अजिबात आवडत नाही. ही सलमा फार महत्त्वाची. सगळेच नायकावर खूश असले की घराची भजनी मंडळी होते. कुणीतरी शेवटच्या प्रकरणापर्यंत त्याच्याशी कामापुरतंच बोललं पाहिजे.

प्रत्येकाला घरातून काहीतरी हवं असू द्या आणि प्रत्येकाचं एक काम ठरवा. पाणी कोण भरतं, भांडी कोणाची पाळी, झोपायला उबदार भिंतीजवळची जागा कोणाला. यातून भांडणं निघतात, आणि भांडण करायची मुभा मिळाली की माणूस पाहुणा राहत नाही.

मराठीत नात्याला नाव दिल्याशिवाय हाकच मारता येत नाही, आणि इथे खरी मजा आहे. चिंगी रेवतीला मावशी म्हणते. मग इरुणला काय म्हणेल? एके दिवशी ती पंगतीत सहज म्हणून जाते:

‘मामा, पाणी.’

इरुणने पाणी दिलं. रेवतीचा हात ताटात थांबला.

‘मामा नको म्हणूस त्याला.’

‘का? तू मावशी, तो मामा.’

‘नको म्हटलं ना. नावाने हाक मार.’

सलमाने मान खाली घातली आणि बराच वेळ घास चावत राहिली.

मावशीचा भाऊ तो मामा. मामा म्हटलं की विषयच मिटला. रेवतीच्या तोंडून प्रेमाची कबुली अशी निघाली, आणि ‘प्रेम’ हा शब्द न येता निघाली. इरुणला यातलं काहीच कळलेलं नाही, हे आणखी गोड. इंग्रजीत लिहिणाऱ्याला या प्रसंगावर पाणी सोडावं लागतं. त्यांच्याकडे मामा आणि काका एकाच शब्दात बसतात.

पाचवी पायरी: आपण

या कथेसाठी मराठीने दिलेली सगळ्यात मोठी देणगी म्हणजे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक. ‘आम्ही जेवायला बसतोय’ म्हटलं की ऐकणारा बाहेर. ‘आपण जेवायला बसू’ म्हटलं की तो पंगतीत. कुणाला घरात घेतलं आणि कुणाला नाही, याचा निकाल आपण दिवसातून पन्नासदा न कळत देत असतो. मानलेल्या घराच्या कथेला आणखी काय हवं?

शिवाय ‘आपण’ हा आदरार्थी ‘तुम्ही’ही आहे. (मुंबईच्या नाक्यावर तो ‘मी’सुद्धा होतो, ‘आपण नाय घाबरत’, पण तो प्रांत वेगळा.) भाषांतराचं यंत्र असेल तर ते परक्याच्या तोंडी नक्की हाच शब्द घालणार. तेव्हा इरुणला पहिली शंभर पानं अशा दरबारी मराठीत बोलू द्या: ‘आपण जेवलात का? आपण बाहेर जाऊ नये.’ स्वतःबद्दल बोलताना तो ‘आम्ही’ म्हणतो, कारण त्याच्या भाषेत एकट्यासाठी शब्दच नाही. सुरुवातीला हे विनोदी वाटतं आणि तसंच वाटायला हवं.

मग एका भडक्याच्या वेळी, पट्टे ताठ झालेले, चिंगी टाक्यांकडे अडकलेली, तो म्हणतो:

‘आपण झडप बंद—’

यंत्र खरखरलं. रेवती पान्यावर हात ठेवून थांबली. बंद कराल? बंद करावी?

‘—करू,’ इरुण म्हणाला.

एका ‘रू’वर अख्खं घर उभं राहिलं. ‘आपण’ ऐकताना अर्थ दोन्हीकडे झुकतो, क्रियापद आलं की कळतं. हा क्षण कादंबरीत एकदाच वापरायचा. त्याआधीच्या सगळ्या पानांत त्याच्या तोंडी ऐकणाऱ्याला सामावून घेणारा ‘आपण’ चुकूनही येता कामा नये. फाइलमध्ये शोधून एकेक तपासा, कंटाळा येईल, तरी तपासा.

सहावी पायरी: राखण चुकते कुठे

‘तुमच्या भल्यासाठी मी निघून जातो’ म्हणणारा नायक कथेच्या तीन चतुर्थांशावर हमखास येतो. त्याला येऊ देऊ नका. तंटा त्याच्या गुणातूनच निघाला पाहिजे.

आईच्या निरोपांकडे परत जा. रेवती रोज एकच ऐकते. पुरवून पुरवून. एकात चकल्या मऊ पडल्याची तक्रार, एकात गुडघ्याचं दुखणं, एकात शेजारचा आंबा तोडल्याचा राग. आईचा आवाज दिवसागणिक म्हातारा होत जातो. निरोपांची साठवण सांभाळायचं काम इरुणकडे, त्यामुळे किती उरलेत हे त्याला माहीत आहे. एक दिवस शेवटचाच उरतो, आणि तो आईचा नाही, मामेभावाचा आहे. इरुण तो लपवतो. जुने निरोप नवी तारीख लावून पुढे सरकवतो.

राखणदाराने ढोलीचं तोंड बाहेरून लिंपलं. हेतू चांगला, प्रेम खरं आणि गुन्हा मोठा. रेवतीला कळतं ते एका चकलीमुळे: तीच तक्रार दुसऱ्यांदा येते.

यानंतर लेखकाने घाई केली की सगळं नासतं. एका पानात रडणं, दुसऱ्यात माफी, तिसऱ्यात मिठी, असं नको. रेवतीला तिचा राग पुरेसा वेळ करू द्या. दामलेकाकांनी मधे पडावं आणि सलमाने चक्क इरुणची बाजू घ्यावी, कारण डॉक्टर म्हणून तिनेही कुणाकुणापासून काय काय लपवलेलं असतं. आणि इरुणने नुसतं ‘चुकलो’ म्हणून सुटू नये; साठवणीची किल्ली रेवतीच्या हातात द्यावी. त्याला जे राखायची सवय होती तेच त्याने सोडून द्यायला हवं.

सातवी पायरी: जवळीक आणि शेवट

अंगाच्या जवळिकीबद्दल थोडक्यात. शरीरं वेगळी आहेत तेव्हा काहीच गृहीत धरता येत नाही, आणि म्हणूनच दोघांना विचारावं लागतं. ‘इथे हात ठेवला तर चालेल?’ हा प्रश्न दोन परक्या जिवांमध्ये अवघडलेला वाटत नाही, उलट तापवतो. त्याचं अंग गार असेल तर ती आधी दचकेल, मग उन्हाळ्यात माठाला टेकावं तशी टेकेल. उपमा तिच्या आयुष्यातली घ्या. किती उघड लिहायचं हे तुमचं तुम्ही ठरवा. मात्र पहिल्या पन्नास पानांत जो सूर लावलात तोच शेवटपर्यंत ठेवा.

शेवट सुखाचा. इथे वाद नको. प्रेमकथेचा वाचक त्या भरवशावर पुस्तक उघडतो, आणि फसवलं तर विसरत नाही. पण सुख म्हणजे लग्नच असं नाही. उबदार भिंतीजवळची जागा आता कुणाला मिळते, एवढं दाखवलं तरी पुरे.

आठवी पायरी: हप्ते आणि एक झाडणी

प्रतिलिपीसारख्या ऑनलाइन कथांच्या ठिकाणी हप्त्यांनी टाकणार असाल तर प्रत्येक हप्ता संकटावर तोडायचा मोह आवरा. दोन हप्ते संकटावर तोडले तर तिसरा एखाद्या घरगुती प्रश्नावर तोडा: शिरा कोणी करपवला? वाचक त्यासाठीही परत येतो, हे मला उशिरा कळलं. पूर्ण मसुदा हातात नसताना पहिला हप्ता टाकू नका. नाहीतर तेराव्या प्रकरणात चपलेचं रहस्य सांगायचं आहे हे तुम्हीच विसराल.

टाकण्याआधी एक झाडणी. फाइलमध्ये ‘त्याने तिला’ शोधा आणि किती वेळा आलं ते लिहून ठेवा. मग ‘तिने त्याला’ शोधा. पहिला आकडा दुसऱ्याच्या कितीतरी पट निघाला, तर तुमची नायिका कथाभर उचलली, ओढली, झाकली आणि वाचवली जाते आहे. मग परत पहिल्या पायरीवर जाऊन तिच्या हातात पाना द्या. माझ्या पहिल्या मसुद्याचे दोन्ही आकडे एका चिठ्ठीवर लिहिलेले आहेत. ती चिठ्ठी मी अजून कुणाला दाखवलेली नाही.